गल्फमधल्या कॉलेजची नोकरी लावून देणारी डेक्कनची कन्सल्टन्सी : कागदांसाठी जा, सल्ल्यासाठी नको (५ पैकी ३ स्टार)

ऑफिसचं नाव लिहीत नाहीये, कारण अशी ऑफिसं पुण्यात डेक्कनपासून कॅम्पपर्यंत ढीगभर आहेत आणि मैत्रिणींचे अनुभव ऐकले तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच प्रकार दिसतो. मी इंग्रजी शिकवते, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी झालीय, आणि तरी अजून तासिका तत्त्वावर, म्हणजे मे महिन्यात हातात शून्य. सीएचबीवाल्यांना, म्हणजे असं तासावर शिकवणाऱ्यांना, जास्त सांगायला नको. त्यामुळे सौदी किंवा ओमान असं डोक्यात घेतलं आणि घरी बोलले तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, तिकडे बुरखा घालावा लागेल का गं? तोच प्रश्न घेऊन मी त्या ऑफिसात गेले.

तिथे जो काउन्सेलर मुलगा बसतो तो बोलायला गोड आहे, चहा विचारतो, पण कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम." बुरख्याचं काय, काही प्रॉब्लेम नाही. वर्गात फक्त मुली असणार की मुलंपण, काही प्रॉब्लेम नाही. नवऱ्याला आणि मुलीला नेता येईल का, तेच. सौदी आता एकदम मॉडर्न झालंय म्हणे. आता हे अर्धं खरं आहे, २०१८ मध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, त्याच वर्षी थिएटरं परत सुरू झाली, २०१९ मध्ये टुरिस्ट व्हिसा सुरू करताना परदेशी बायकांना अबाया (कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा) घालायची सक्ती नाही, कपडे अंगभर आणि साधे हवेत असं तिथल्या सरकारने जाहीर केलं. पण हे झालं पेपरातलं सौदी. मला ऑफर होती ती रियाध-जेद्दाची नाही, दक्षिणेकडच्या एका छोट्या गावातल्या कॉलेजची, तिथे बाकीच्या सगळ्या बायका अबायात असताना मी सलवार कमीज घालून स्टाफरूममध्ये बसणार का, हा प्रश्न कायद्याचा नाहीच ना. शेवटी तिथे शिकवून आलेल्या एका बाईंशी फोनवर बोलले तेव्हा दोन मिनिटांत कळलं, की कॅम्पस मुलींचा वेगळाच असतो, स्टाफही सगळा बायकांचा, गेटच्या आत कोणी काही बघत नाही आणि गेटबाहेर अबाया अंगावर टाकायचा, विषय संपला.

आणि खरं सांगू का, मला त्याचं काही वाटलं नाही. मी इकडे मुलींच्या कॉलेजात शिकवलंय, सदाशिव पेठेत रात्री दहाला गेट बंद होणाऱ्या पीजीमध्ये राहिलेय, नियम असण्याचा मला त्रास नाही. त्रास नियम आधी न सांगण्याचा आहे. तुम्ही या कामाचे पैसे घेता तर शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी कॉलेज असतं एवढं तरी सांगा! इथे रविवारी सगळं खानदान व्हिडिओ कॉलवर जमणार आणि मी तिकडे लेक्चरला.

सगळ्यात मोठी गोष्ट जी कुणीच सांगत नाही ती ही, की "इंग्रजीची लेक्चरर" म्हणजे तिकडे बहुतेक वेळा साहित्य नाहीच. सौदीत प्रिपरेटरी इयर असतं, ओमानमध्ये जनरल फाउंडेशन प्रोग्रॅम, म्हणजे बारावीनंतर मूळ डिग्री सुरू व्हायच्या आधी इंग्रजी, गणित, कॉम्प्युटर पक्कं करून घेतात, आणि आपल्याकडच्या इंग्रजीवाल्यांना नेतात ते मुख्यतः याच्यासाठी. व्याकरण, परिच्छेद लिहिणं, ऐकून उत्तरं देणं, आठवड्याला खच्चून तास. पीएचडीचा विषय कपाटात. एखादा उतारा बाहेरून आणून शिकवायचा तर आधी कोऑर्डिनेटरला दाखवायचा, त्यात प्रेमप्रकरण, दारू, धर्म, राजघराणं यातलं काही नको. हे मला चालणार होतं, पण माझ्याबरोबर फॉर्म भरणाऱ्या एका सरांना नसतं चाललं, आणि त्यांना हे त्या ऑफिसात नाही, खाली वडापावच्या गाडीवर माझ्याकडून कळलं.

मग करार. काउन्सेलरने पगाराचा आकडा पेनाने गोल करून दाखवला आणि पान उलटायला लागला, मी म्हटलं थांबा. एक तर तुमचा मालक कोण, कॉलेज की मधली मनुष्यबळ पुरवणारी कंपनी, हे बघायचं. बऱ्याच फाउंडेशनच्या जागा कंपनीमार्फत भरतात, कंपनीचं कॉलेजशी असलेलं कॉन्ट्रॅक्ट गेलं की तुम्ही लटकलात, कारण व्हिसा कंपनीच्या नावावर. दुसरं म्हणजे मूळ पगार किती आणि अलाउन्स किती. ओमानमध्ये २०२३ च्या नव्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना दर वर्षामागे एका महिन्याची ग्रॅच्युइटी मिळते, पण ती मूळ पगारावर, त्यामुळे एकूण आकडा गलेलठ्ठ आणि मूळ पगार चिमूटभर असेल तर शेवटी हातात काही येत नाही. सौदीत पहिली पाच वर्षं वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे वर्षाला एक महिन्याचा, आणि स्वतः राजीनामा दिलात तर त्यातही कात्री. शिवाय सौदीत कुटुंब नेलं तर २०२० पासून माणशी महिना ४०० रियाल सरकारी फी आहे, नवरा आणि मुलगी धरून माझे महिन्याला ८०० गेले असते, आणि ते कॉलेज भरणार का हे करारात कुठेच नव्हतं. विचारलं तर, हो, तेच उत्तर.

आता चांगलं लिहिते, कारण ते पण तितकंच खरं आहे. आतल्या खोलीत कागदपत्रांच्या टेबलावर एक काकू बसतात, चष्मा कपाळावर, समोर स्टॅपलर आणि डिंकाची बाटली, त्यांच्यासारखं काम मी कुठल्या सरकारी ऑफिसातही पाहिलं नाही. माझी डिग्री माहेरच्या नावावर, तीही विद्यापीठाच्या पद्धतीने आधी आडनाव मग माझं नाव मग वडिलांचं, पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि मधे नवऱ्याचं, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर माझ्या नावात एक "ए" कमी. काकूंनी तिन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, पट्टी धरून अक्षर अन् अक्षर जुळवलं आणि म्हणाल्या, "तिकडच्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटणार." मग लग्नाचा दाखलापण डिग्रीबरोबर अपोस्टील (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून घ्यायला लावला, स्पेलिंगसाठी अॅफिडेव्हिट, आणि सगळं कुठल्या क्रमाने करायचं ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील. ओमान आधीपासून अपोस्टील मानतं, सौदी डिसेंबर २०२२ पासून मानायला लागलं, त्यामुळे आता दूतावासाच्या शिक्क्यांची पूर्वीची रांग बरीच कमी झालीय, हे पण काकूंनीच सांगितलं, काउन्सेलर अजून जुनंच रेटकार्ड दाखवत होता.

त्या रेटकार्डाबद्दल. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टीलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, एजन्सीचा आणि कुरियरचा खर्च वेगळा, आणि यांच्याकडे एका कागदाला काही हजार. धावपळ वाचते म्हणून थोडं जास्त मी देईन, पण एवढं नाही, घासाघीस करा, कमी करतात. परदेशी नोकरी लावणाऱ्या रजिस्टर्ड एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, म्हणजे ३५,४०० च्या वर एक रुपया नाही. यांनी वर "प्रोसेसिंग" म्हणून रोख मागितले, पावती मागितल्यावर तो विषय आपोआप गायब झाला. लायसन नंबर मुंबईच्या कुठल्यातरी फर्मचा भिंतीवर लावलाय, तो ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकऱ्यांसाठीच्या सरकारी साइटवर टाकून बघा, पत्ता जुळत नसेल तर पैसे द्यायच्या आधी खुलासा मागा. ओरिजिनल पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतात, देऊ नका, झेरॉक्स द्या.

निघण्याआधीचं "कल्चरल ओरिएंटेशन" म्हणून जे करतात ते एक पीपीटी आहे, उंट, वाळवंट, खजूर. कामाचं जे काही होतं ते परत काकूंनी दारात उभं राहून सांगितलं. खसखस अजिबात न्यायची नाही, गल्फमध्ये अंमली पदार्थात धरतात, म्हणजे दिवाळीला घरून अनारसे पाठवू नका हो आई, कस्टमला कोण समजावणार. कोडीनचं कफ सिरप, ट्रॅमाडोलसारखी दुखण्यावरची गोळी बॅगेत नको, आणि लागणारच असेल तर आधी परवानगी काढायची, नुसतं प्रिस्क्रिप्शन पुरत नाही. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचं नाही, ओमानमध्ये तो कायद्याने गुन्हा आहे आणि परदेशी माणसालाही लागू. फॅमिली ग्रुपवर येणारे धर्माबिर्माचे फॉरवर्ड पुढे ढकलायची सवय इथेच सोडून जायची, तिकडचा सायबर कायदा कडक आहे. विद्यार्थिनींचे फोटो काढायचे नाहीत, टीचर्स डेला पण नाही.

मी शेवटी ओमान घेतलं, निझव्याचं एक कॉलेज. पगार सौदीपेक्षा कमी, काउन्सेलरचं तोंड पडलं, त्याचं कमिशन सौदीवर जास्त असणार असा माझा अंदाज. पण करार थेट कॉलेजशी आहे, वर्ग मुलामुलींचा एकत्र (मुली एका बाजूला, मुलं एका बाजूला बसतात, आपल्याकडे वेगळं काय असतं), अबाया नाही, अंगभर कपडे पुरतात, गावात इंडियन स्कूल आहे म्हणून मुलीला वर्षभराने नेता येईल. मस्कतला जुनं शंकराचं देऊळ आहे हे ऐकून सासूबाईपण गप्प झाल्या. ओमान २०२८ पासून इन्कम टॅक्स लावणार म्हणून काउन्सेलरने घाबरवलं होतं, तो वर्षाला ४२,००० ओमानी रियालच्या वरच्या उत्पन्नावर आहे, फाउंडेशनच्या शिक्षकाला तेवढा पगार कोण देतंय! खरी भीती ओमानायझेशनची, त्यांची स्वतःची शिकलेली पोरं तयार होतायत आणि जागा आधी त्यांना, त्यामुळे दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढेलच असं धरून इथे फ्लॅटचं बुकिंग वगैरे करू नका.

जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, काकू शनिवारी नसतात. टू-व्हीलर गल्लीत लावू नका, उचलतात.