मळई घ्यावी की गाळाची काळी? चराऊ रान निवडण्याआधी

माण, खटाव, आटपाडी, सांगोला या माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात शेरडं-मेंढरं किंवा वैरणीसाठी रान बघायला निघालं, की दोन तऱ्हेचे तुकडे हमखास दाखवले जातात. एक ओढ्याला लागून असलेली मळई: फिकट तपकिरी, भुसभुशीत, चिमटीत घेतली की वाळूची कचकच लागते. दुसरा ओढ्यापासून थोडा वर, सपाट, खोल आणि काळाभोर. दोन्ही मात्या ओढ्या-नद्यांनीच आणून टाकलेल्या. काळीचा भाव जास्त सांगितला जातो आणि घेणारेही रंगाला भुलतात. रब्बी ज्वारी करायची असेल तर तो भाव रास्त आहे. पण जनावरं चारायची असतील, तर मी मळईच्या बाजूने आहे.

दोन्हींचा मूळ दगड एकच, दख्खनचा काळा बेसॉल्ट. माण नदी कुळकजाईच्या डोंगरातून निघते आणि सरकोलीजवळ भीमेला मिळते. तिचे ओढे वर्षातले मोजके दिवस वाहतात, पण वाहतात तेव्हा जोरात. पाण्याला जोर असतो तिथे गोटे आणि वाळू पडते. पाणी पसरून संथ झालं की बारीक गाळ आणि चिकण बसते. म्हणून ओढ्याची तुटलेली दरड निरखून पाहिली तर पोयटा, वाळू, चिकण आणि गोट्यांची रेघ असे थर एकावर एक दिसतात. पोयटा म्हणजे मऊ, भुसभुशीत गाळमाती. मळई हा ताजा गाळ आहे, दर मोठ्या पुराला त्यात भर पडते. वरची काळी मात्र बहुधा जुन्या पूरमैदानाची. भीमा, घोड, प्रवरा या नद्यांच्या काठी जुन्या गाळाच्या उंच दरडी आजही उभ्या आहेत. नेवाशाला प्रवरेकाठच्या जुन्या गोट्यांच्या थरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली, यावरून हा गाळ किती जुना असू शकतो ते कळतं. इतका काळ कमी पावसात पडून राहिल्याने त्यातला चुना धुऊन गेला नाही. तो खाली पांढऱ्या खड्यांच्या रूपात साचत गेला.

आता पावसाचं बघू. या भागात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातल्या बऱ्याच सरी दहा-पंधरा मिलिमीटरच्या असतात. काळी माती मीटरभर खोलीत 200 मिलिमीटरच्या आसपास पाणी पिकासाठी धरते. मळईसारखा वाळूमिश्रित पोयटा 100 ते 150 धरतो. कागदावर काळी जिंकते. पण बारा मिलिमीटरच्या सरीने काळीचा जेमतेम वरचा दोन-तीन बोटांचा थर ओला होतो आणि दोन उन्हांत तेवढं पाणी उडून जातं. शिवाय चिकणमाती अशा थोड्या ओलीतलं बरंच पाणी इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. तीच सर मळईत खोल उतरते, जिथे ऊन पोचत नाही. वरचा थर वाळला की खालच्या ओलीवर झाकण बसतं.

जगभरच्या कोरड्या चराऊ भागांत हेच दिसलं आहे. पाऊस साधारण 300 ते 500 मिलिमीटरच्या खाली गेला की जाडसर माती चिकणमातीपेक्षा जास्त गवत देते, त्याच्यावर गेला की चिकणमाती पुढे जाते. माणदेश नेमका या उंबरठ्यावर आहे. चांगल्या वर्षी काळी पुढे, दुष्काळी वर्षी मळई पुढे. आणि चाऱ्याचा प्रश्न दुष्काळी वर्षीच जीवावर येतो.

मोठा पाऊस आला तरी काळीची अडचण संपत नाही. भेगा उघड्या असतात तोवर पाणी धडाधड आत जातं. माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग तासाला पाचेक मिलिमीटरच्या खाली येतो, वाळूमिश्रित पोयट्यात तो वीस-तीसपर्यंत असतो. वापसा, म्हणजे रानात पाय घालण्याजोगी ओल, यायला काळीत आठवडाही जातो. तेवढ्यात मेंढरं घातली तर खुरांनी माती तुडवली जाते, ती वाळून दगडासारखी होते आणि पुढच्या पावसाला पाणी वरूनच पळतं. चिखलात राहून मेंढरांची खुरं सडतात ती वेगळीच. मळईत पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत कळप सोडता येतो.

पण जुन्या गाळाच्या काळीत खरी भीती चोपणाची, म्हणजे सोडियमने माती बिघडण्याची आहे, आणि ती वरून दिसत नाही. निचरा नाही, ऊन कडक, त्यामुळे मातीच्या कणांवर सोडियम चढत जातो आणि कण एकमेकांना सोडून देतात. कणांना चिकटलेला हा सोडियम (विनिमयक्षम सोडियम) 15 टक्क्यांवर गेला की जमीन चोपण धरतात, पण आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत त्याच्या बरंच आधी पाणी मुरणं मंदावतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा पूर्णा नदीच्या अशाच खोल गाळावर आहे. तिथे जमीन खोल आणि काळी असूनही शेतकऱ्याला काय सोसावं लागतं, ते तिथल्या माणसाला विचारावं.

पारख घरच्या घरी होते. दोन फूट खोलीवरचं हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ घ्या आणि काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. ढेकूळ विरघळून तळाशी ढीग झाला पण पाणी स्वच्छ राहिलं, तर फारसं बिघडलेलं नाही, सेंद्रिय अंश तेवढा कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरू लागलं आणि काही तासांनी सगळं पाणी गढूळ झालं, तर ती चोपण. बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार कण खाली बसवतात आणि वाईट मातीही चांगली भासते. हे वलय दिसलं तर सौदा थांबवून प्रयोगशाळेचा अहवाल मागवाच. सामू (pH) 8.5 च्या वर असेल तर जिप्सम, धैंच्याचं हिरवळीचं खत आणि चर खोदून निचरा असा खर्च धरावा लागतो. बागायत पिकासाठी तो खर्च एखाद वेळी निघेल, गवतासाठी निघत नाही.

मळईचे दोष लपवायचं कारण नाही. ती मुळात भुकेली माती. नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी, पालाश ठीक. चुना असेल तर स्फुरद अडकतं आणि लोह कमी पडून कोवळ्या पानांवर केवडा पडतो, म्हणजे ती पिवळी पडतात. पण मेंढरं बसवली की यातलं पुष्कळ भरून निघतं. मोठा धोका ओढ्याचाच. काठ ढासळतो, आणि खाली कुणी वाळू उपसली असेल तर पात्र खोल जाऊन वरचा काठ आणखी वेगाने तुटतो. मोठ्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, म्हणजे अनुक्रमे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लहान ओढ्याला ती बहुधा नसते. तिथे झाडांना अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते बघायचं आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. सातबाऱ्यावरचा पोटखराबाही, म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेलं क्षेत्र, वाचा. ओढ्यालगतचा बराच भाग त्यात निघाला, तर भाव त्या हिशेबाने पाडून मागा.

मळईचा दुसरा फसवा भाग खाली असतो. वर दोन फूट सुरेख पोयटा आणि त्याखाली नुसते गोटे असतील, तर ओल तिथेच संपते. म्हणून ओढ्याची दरड बघून समाधान मानू नका. रानाच्या मधोमध आणि ओढ्यापासून लांबच्या टोकाला चार-चार फुटांचे खड्डे घ्या. पोयट्याच्या खाली, तीन-साडेतीन फुटांवर चिकणीचा पातळ थर लागला तर मी आनंदाने जास्त पैसे देईन, कारण मुरलेलं पाणी तो मुळांच्या टप्प्यात अडवून ठेवतो.

उभं गवतही साक्ष देतं. मळईत अंजन गवत स्वतःहून दिसलं तर उत्तम खूण. काळीत मारवेल टिकून असेल तर माती अजून शाबूत आहे, हे गवत थोडा खारटपणाही सोसतं. काळीत कुंदा माजला असेल तर तो काढण्यात वर्षं जातात. मधेच उघडे, गुळगुळीत चट्टे आणि कडेला नुसती हरळी दिसली, तर पेल्याची परीक्षा त्या चट्ट्यावरच करा. वेड्या बाभळीने दोन्ही रानं भरतात, मळई जास्त, तेव्हा ती काढायचा खर्च आधीच धरा. कुसळी भरपूर असलेल्या रानात तिची कुसं धरायच्या आत मेंढरं फिरवून घ्यावी लागतात, नाहीतर ती लोकरीत आणि कातडीत रुततात.

कुणी म्हणेल, मग मुरमाड माळच स्वस्तात का घेऊ नये? फक्त पावसाळी चराई हवी असेल तर जरूर घ्या, शेळ्यांना तो मानवतो. पण फूटभर मातीत तीस-चाळीस मिलिमीटरच ओल राहते, त्यामुळे पावसाने ओढ दिली की गवत लगेच करपतं.

माझा कौल असा. बारमाही पाणी नसेल आणि चराई हाच हेतू असेल, तर चार फुटांपर्यंत गोटे न लागणारी, काठापासून थोडी आत असलेली मळई घ्या. अंजन पहिल्या पावसात पेरा, ओढ्याकडच्या पट्टीत मारवेलची ठोंबं लावा, काठावर बाभूळ आणि हिवर राहू द्या. पेल्याची परीक्षा पास झालेली काळी मिळत असेल आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर ज्वारी करून कडबा साठवायचा असेल, तर तीच घ्या. मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारी अशाच खोल काळीच्या ओलीवर येते, आणि कडब्याच्या गंजीने उन्हाळा निघतो. जमलं तर दोन्हींचा थोडा-थोडा तुकडा बघा: चरायला मळई, कडब्याला काळी.