आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी: दिल्ली की अमेरिका?

आधी विषय, मग विद्यापीठ. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि दोन वर्षांनी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, बदलत बसतात.

दोन विषय घेऊ. एक : इराणमधलं चाबहार बंदर. भारताने मे २०२४ मध्ये तिथलं टर्मिनल चालवण्याचा दहा वर्षांचा करार केला. त्यामागे तेहरानचा हिशोब काय होता? दुसरा : आर्थिक निर्बंध लादले की सरकारं खरंच झुकतात का? दोन्ही विषय आंतरराष्ट्रीय संबंधांचेच, पण त्यांची पीएचडी एका ठिकाणी होणार नाही.

चाबहारवाल्याने दिल्लीला जावं. जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजची सुरुवात १९५५ ची, दिल्लीतल्या सप्रू हाउसमधली. १९७० मध्ये ती जेएनयूत विलीन झाली. तिथली बरीचशी केंद्रं प्रदेशांनुसार आहेत : पश्चिम आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका वगैरे. शिवाय त्याच आवारात फारसी शिकता येते. मला ही सोय फार मोलाची वाटते. तेहरानचं वर्तमानपत्र शब्दकोश घेऊन का होईना, स्वतः वाचणारा विद्यार्थी आणि त्याच्या इंग्रजी बातम्यांवर अवलंबून राहणारा विद्यार्थी, यांच्या प्रबंधांतला फरक दुसऱ्या प्रकरणातच दिसतो.

निर्बंधांचा प्रश्न मात्र अमेरिकेतला. तिथे आंतरराष्ट्रीय संबंध हा बहुधा राज्यशास्त्र विभागाचाच एक भाग असतो आणि पहिली दोन वर्षं वर्गात जातात : संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, सिद्धान्त. कित्येक देशांची आकडेवारी संगणकावर चालवायची आणि अमुक घटक का वगळला, हे सगळ्यांसमोर पटवून द्यायचं. मग मोठी पात्रता परीक्षा, त्यानंतर प्रबंध. पाच-सहा वर्षं धरूनच चला. आपल्याकडचं कोर्सवर्क, म्हणजे प्रबंधाआधीचा वर्गातला अभ्यास, किमान १२ क्रेडिटचं. पद्धतींची तेवढी तालीम त्यात होत नाही, हे मान्य करायला हवं.

आता पैसा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. ती हुकली तर केंद्रीय विद्यापीठात महिना ८,०००. त्यावर दिल्लीत वसतिगृहाबाहेर राहता येत नाही. महाराष्ट्रातल्यांनी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्ती जाहिरातींवर लक्ष ठेवावं. अमेरिकेतल्या चांगल्या विभागात फी माफ होते आणि शिकवण्याच्या कामाबदल्यात साधारण पाच वर्षं विद्यावेतन मिळतं. तसं लेखी पत्र नसेल तर जाऊ नका, कितीही मोठं नाव असो. २०२५ पासून तिथल्या अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्यात, त्यामुळे एकाच देशाच्या भरवशावर वर्ष घालवू नये.

ब्रिटनचं थोडक्यात : तीन-चार वर्षं, कोर्सवर्क जवळपास नाही, प्रस्ताव तयार हवा. या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन (खास प्राध्यापकपद) १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला सुरू झालं, परंपरा जुनी आहे. पण शिष्यवृत्तीशिवाय, कर्ज काढून तिथे पीएचडी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

परत येऊन कॉलेजात शिकवायचंय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार, जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी सहायक प्राध्यापकपदाला चालते. मात्र जाहिरातीत बहुधा ‘राज्यशास्त्र’ असतं. तुमची पदवी त्याच्याशी संलग्न विषयातली धरतात का, हे ज्या विद्यापीठात पुढे नोकरी करायची तिथे आत्ताच विचारा. भारतात पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं आहे. मुलींना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. घरच्यांना हेही सांगून ठेवा.

दिल्ली ठरली तर गाईडकडे किती विद्यार्थी आहेत ते पाहा. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार अशी मर्यादा आहे. जागाच नसेल तर उत्तम मुलाखतीचाही उपयोग नाही. त्यांच्या हाताखाली झालेले अलीकडचे दोन प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात उघडा आणि ऋणनिर्देशापासून संदर्भसूचीपर्यंत वाचून काढा. त्या सूचीत फारसी किंवा चिनी साधनं दिसली, तर अर्ज भरा.