ओजीआर-एफडीडब्ल्यू: पावसाळाभर वापरल्यानंतर

मुंबईत पाणी तुंबतं त्या जागांचे नकाशे करणं हे आमचं काम. वॉर्डांच्या हद्दी शेपफाइलमध्ये, नाले जिओपॅकेजमध्ये (दोन्ही नकाशांच्या फाइलींचे फॉरमॅट), तक्रारी एक्सेलमध्ये आणि बाकीचं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. कुठलीही फाइल बदलली की पुन्हा इम्पोर्ट! त्याला कंटाळून मे महिन्यात ओजीआर-एफडीडब्ल्यू हे पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन बसवलं.

पोस्टजीआयएसवाले (पोस्टग्रेसमध्ये नकाशांचा डेटा हाताळणारं एक्स्टेन्शन) पॉल रॅम्सी यांचं हे एक्स्टेन्शन जीडीएएल या नकाशांचे नाना फॉरमॅट वाचणाऱ्या लायब्ररीवर चालतं. त्यामुळे जीडीएएलला वाचता येणारी बहुतेक व्हेक्टर (बिंदू, रेषा, आकारांची) फाइल डेटाबेसमध्ये टेबलासारखी दिसते; तिला फॉरेन टेबल म्हणतात. क्रिएट सर्व्हर या कमांडमध्ये फाइलचा पत्ता आणि फॉरमॅट द्यायचा, मग इम्पोर्ट फॉरेन स्कीमा चालवायचं, की झालं. एक्सेलच्या शीटमध्ये भूमिती नसते, पण अक्षांश-रेखांशाचे रकाने असले तर पोस्टजीआयएसच्या एसटी-मेकपॉइंट या फंक्शनने बिंदू करून घेता येतात.

फाइल मात्र डेटाबेसच्या सर्व्हरवर हवी आणि पोस्टग्रेसच्या युजरला ती वाचायची परवानगी हवी. लॅपटॉपवरचा पत्ता देऊन काही होणार नाही. एन्कोडिंगची माहिती नसलेल्या शेपफाइलमध्ये देवनागरी नावांचा कचरा होतो; क्रिएट सर्व्हरच्या कॉन्फिग ऑप्शन्समध्ये शेप-एन्कोडिंग सांगितलं की प्रश्न सुटतो. दहा अक्षरांत कापलेली रकान्यांची नावं तशीच राहतात, तो शेपफाइलचाच जुना रोग.

आता वेगाबद्दल, कारण खरी कुरकुर तिथेच आहे. फॉरेन टेबलवर इंडेक्स टाकता येत नाही. ‘वॉर्ड = के पूर्व’ असली साधी अट खाली जीडीएएलपर्यंत पोचते, जॉइन पोचत नाही. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या आसपासचे नाले शोधायचे तर एकट्या एसटी-इंटरसेक्ट्सच्या (दोन आकार एकमेकांना छेदतात का, ते पाहणारं फंक्शन) भरवशावर राहू नका; अँपरसँडच्या जोडीचा (&&) ऑपरेटर आणि नकाशावरची आधीच ठरवलेली चौकट सोबत द्या. तक्रारींचे बिंदू थेट नाल्यांच्या फाइलशी जोडले की क्वेरी चहा घेऊन यायला पुरेल इतका वेळ घेते. आम्ही मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीच्या निकालाची डेटाबेसमध्ये साठवलेली प्रत) करून त्यावर जीआयएसटी हा भूमितीसाठीचा इंडेक्स टाकला, रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) रिफ्रेश. दिवसा कुणी फॉरेन टेबलाला हात लावत नाही. मग एक्स्टेन्शन कशाला, असं विचाराल; तर इम्पोर्टची स्क्रिप्ट आणि तिची देखभाल गेली, तेवढ्यासाठीच.

डब्ल्यूएफएसची, म्हणजे नकाशांचा डेटा इंटरनेटवरून देणारी, सेवाही जोडून पाहिली. प्रत्येक क्वेरीमागे नेटवर्कची फेरी, आणि पलीकडचा सर्व्हर झोपला की आपली क्वेरीही लटकते. रोजच्या कामाला नको.

एफआयडीचा (प्रत्येक नोंदीच्या ओळख-क्रमांकाचा) रकाना असेल आणि फॉरमॅटची तयारी असेल तर फाइलमध्ये परत लिहिताही येतं. आमच्याकडे ‘अपडेटेबल’ हा पर्याय फॉल्स ठेवलाय. कारण त्याच फाइली क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी उघडून बसलेलं असतं.