‘नाईट मोड’ म्हणून १८,००० रुपयांना टायमर: रीफ टँकवाल्यांनो, डबा उघडून बघा

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. विक्रेत्याचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण तो काय विकतो आणि कसं विकतो हे सविस्तर सांगते, म्हणजे दारात आला की ओळखता येईल.

त्याचं ठरलेलं वाक्य आहे: “ताई, कोरलसुद्धा रात्री झोपतात. आणि तुम्ही रात्रभर त्यांच्यावर फुल फ्लो मारताय!”

ऐकायला पटतं, कारण यात अर्धं खरं आहे. रात्री फ्लो, म्हणजे पंपांनी फिरवलेला पाण्याचा प्रवाह, थोडा उतरवणारे पुष्कळ जण आहेत आणि बऱ्याच डीसी वेव्हमेकरमध्ये (टँकमधलं पाणी ढवळणाऱ्या पंपांमध्ये) तशी सोय असतेच. खोटं आहे ते झोपेचं. कित्येक कोरल उलट अंधार पडल्यावरच पॉलिप (शुंडकांची इवली तोंडं) पुरते बाहेर काढतात, कारण समुद्रात प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) रात्री वर येतं आणि ते पकडायचं असतं. एका जागी चिकटून बसलेल्या जिवाकडे खाणं पाण्यानंच आणायचं ना?

आमचा टँक चार फुटी, साधारण २४० लिटरचा. खाली सम्प (गाळणीची टाकी), त्यात पाणी परत वर ढकलणारा रिटर्न पंप आणि घाण काढणारा स्किमर. कोरलमध्ये मशरूम, झोअँथिड, एक मोठा टोडस्टूल लेदर; माशांमध्ये क्लाउनफिशची जोडी आणि हिरवे क्रोमिस. या विक्रेत्यानं दोन वेव्हमेकर आणि वर ‘रीफ कंट्रोलर’ दिला. कंट्रोलरचे वेगळे १८,००० रुपये, यूपीआयनं, स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर. जीएसटीचं बिल “ऑफिसमधून पाठवतो” म्हणाला. पांढरा प्लास्टिकचा डबा, त्यातून निघालेली सॉकेटं, आणि पुढे एक निळा दिवा. दिवा लागला की नाईट मोड सुरू, फ्लो ४० टक्क्यांवर.

आता या माणसाची हुशारी बघा. तीन नियम त्यानं घालून दिले होते. रात्री टँकमध्ये हात घालायचा नाही, कोरलना स्ट्रेस येतो. टॉर्च मारायचा नाही, त्यांची झोपमोड होते. डब्याचं सील तोडायचं नाही, वॉरंटी जाते. म्हणजे तपासायचे सगळे रस्ते आधीच बंद. आणि वर “रात्री टँकचा आवाजही येणार नाही” हे बोनस म्हणून विकलं. आमचे सासरे हॉलमध्ये झोपतात, ओव्हरफ्लोच्या (टँकमधून सम्पमध्ये पाणी उतरतं त्या वाटेच्या) खळखळाटानं त्यांची झोप उडायची. आवाज खरोखर थांबला आणि घरात सगळे खूश.

मग सकाळी क्रोमिस पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडबंद करताना दिसायला लागले. दुपारपर्यंत ठणठणीत. एकेक करत दोन गेले. फोन केला तर निदान तयार: अमोनिया. म्हणून बॅक्टेरियाची बाटली घ्या. माझ्या टेस्ट किटवर अमोनिया शून्य येत होता. तर म्हणे किट जुनं झालंय. पुढे ‘ऑक्सिजनच्या गोळ्या’ आल्या, मग वर्षाचं एएमसी (देखभालीचा करार). लेदर मिटून बसला, अंगावर मेणचट पापुद्रा धरला. लेदर असा पापुद्रा अधूनमधून टाकतोच, पण तो वाहून न्यायला प्रवाह लागतो. आमच्याकडे तो तिथेच चिकटून राहायला लागला आणि त्यावर शेवाळ धरलं. मशरूमला कमी फ्लो चालतो, त्यामुळे ते टवटवीत. त्यांच्याकडे बोट दाखवून हा सांगायचा, “बघा, कोरल किती खूश आहेत.”

एका रात्री सम्प भरून वाहिला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओल घेऊन वर आल्या. “सायफन ब्रेकरचं भोक शेवाळानं बुजलंय,” हे त्याचं उत्तर. पंप थांबल्यावर पाइपातून टँकचं पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून हे भोक असतं. भोक साफ केलं आणि पुढे गेलं.

उलगडा केला तो ऐरोलीहून राहायला आलेल्या भाच्यानं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. त्यानं कंट्रोलर आणि भिंतीतल्या सॉकेटच्या मध्ये साधा वॅटमीटर (वीज किती खेचली जाते ते दाखवणारं यंत्र) लावला. संध्याकाळी आकडा साठच्या पुढे. निळा दिवा लागला आणि आकडा जवळजवळ शून्यावर. “मामी, ४० टक्के असते तर काहीतरी दिसलं असतं ना!” सील तोडलं. आत २४ तासांचा टायमर, एक रिले (विजेनं चालणारा स्विच) आणि दिव्याची वायर. असला टायमर बाजारात पाचेकशे रुपयांना मिळतो. वेव्हमेकर, रिटर्न पंप, स्किमर, सगळंच त्या रिलेवर. रात्री साडेदहा ते सकाळी सहा टँकमध्ये पाणी हलतच नव्हतं. वेव्हमेकरवरचं ताशी ‘८००० लिटर’चं स्टिकर नखानं निघालं, खाली छापील आकडा ३०००.

पंप बंद पडला की वरचं पाणी ओव्हरफ्लोपर्यंत आणि पाइपातून सम्पमध्ये उतरतंच. त्या दिवशी सम्प जरा जास्त भरलेला होता, म्हणून काकूंचं छत ओलं झालं. भोकाचा काही संबंध नव्हता.

मासे का गुदमरले तेही सांगते, कारण हे समजलं की असा माल कुणी गळ्यात मारू शकत नाही. दिवसा कोरलच्या आतलं शैवाल ऑक्सिजन तयार करतं. रात्री ते थांबतं आणि मासे, कोरल, खडकातले जीवाणू सगळेच ऑक्सिजन वापरत राहतात. २६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. पाणी तापलं की आणखी कमी, आणि ठाण्यातला मे महिना चिलरशिवाय किती कठीण जातो ते आपल्याला माहीत आहे. बाहेरून नवा ऑक्सिजन येतो तो पाण्याच्या पृष्ठभागातून, आणि पृष्ठभाग हलता ठेवायला पंप. पाणी हललं नाही की कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो (पाणी आम्लाकडे झुकतं). आमचा संध्याकाळी ८.२ असायचा, पहाटे ७.७. पंप चालू ठेवल्यावर तो इतका पडत नाही.

आणखी एक खूण. थेट २३० व्होल्टच्या प्लगवर चालणारा साधा एसी वेव्हमेकर बाहेरच्या डब्यानं ४० टक्क्यांवर येऊच शकत नाही. त्याची मोटर आपल्या विजेच्या ५० हर्ट्‌झशी बांधलेली असते: चालू तरी, नाहीतर बंद. वेग खरंच कमी-जास्त करायचा तर डीसी पंप हवा, १२ किंवा २४ व्होल्टच्या अडॅप्टरचा, स्वतःच्या कंट्रोलरसह. आता आमचा एक डीसी वेव्हमेकर टँकचे दिवे मालवल्यावर ६० टक्क्यांवर येतो, दुसऱ्याचं तोंड पृष्ठभागाकडे आहे, आणि रिटर्न व स्किमरला रात्री कुणी हात लावत नाही. खळखळाटासाठी ओव्हरफ्लोच्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवला, सासरे झोपतात.

जाता जाता: हाच माणूस “पेपर्ससकट” अॅक्रोपोरा हे कठीण कोरलही देऊ करतो. रीफ बांधणारे कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि अटक त्याला नाही, घरात माल सापडेल त्याला आधी होईल.

डबा उघडल्याचे फोटो पाठवले तसा त्यानं नंबर ब्लॉक केला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज, वॅटमीटरचा व्हिडिओ जोडलाय. नोटीस गेल्यावर त्यानं दुसऱ्या नंबरवरून अर्धे पैसे देऊ केले, अट एकच, कुठे काही लिहायचं नाही. नाही म्हटलं.

आता तो नेरूळ-खारघरकडे फिरतोय असं तिकडच्या एका टँकवाल्यांनी कळवलं. डबा तोच, दिवा हिरवा, नाव ‘टाइड मोड’: फ्लो म्हणे खाडीच्या भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. खाडीची भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्याच्या २४ तासांच्या टायमरला ते कसं जमतं, एवढं मात्र त्याला दारातच विचारा.