स्क्वूश: फोटो हलका करणारं, पण एका वेळी एकच

वेबसाइटसाठी फोटो हलका करायचा म्हटलं की बहुतेकांचा हात थेट क्वालिटीच्या स्लायडरकडे जातो. स्क्वूश या फोटो दाबणाऱ्या वेब-टूलमध्ये तो समोरच आहे, पण आधी त्याच्या वरचं ‘रिसाइझ’ चालू करा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सेलचा असतो. लेखाचा कॉलम ८०० पिक्सेलचा असेल तर चांगल्या स्क्रीनसाठी दुप्पट धरून १६०० रुंदी पुष्कळ झाली. १६००×१२०० म्हणजे मूळ पिक्सेलांपैकी अवघे १६ टक्के. उरलेले ८४ टक्के वाचकाला दिसणारच नव्हते, फक्त त्याचा डेटा खाणार होते. रिसाइझची पद्धत लँझोस३ राहू द्या आणि ‘मेन्टेन आस्पेक्ट रेशो’ची खूण काढू नका.

गूगलच्या क्रोम लॅब्सने २०१८मध्ये आणलेलं हे टूल फुकट आहे, ओपन सोर्स आहे, लॉगिन लागत नाही. मुख्य म्हणजे फोटो कुठेच अपलोड होत नाही. सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं. क्लायंटचे न छापलेले फोटो हाताळणाऱ्यांना एवढं कारण पुरे.

फोटो टाकला की मधोमध एक सरकती रेघ येते. एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला दाबलेला, आणि खाली फाइल किती टक्के उतरली ते. दोन्ही बाजूंना वेगवेगळे फॉरमॅट लावून मॉझजेपेग (जेपेग फाइल जास्त दाबणारा प्रकार) आणि वेबपी (वेबसाठीचा गूगलचा फॉरमॅट) शेजारी शेजारी पाहता येतात. फसगत होते ती इथेच. फोटो लहान करून पाहिला तर त्यात खराबी लपते. झूम १०० टक्के करा आणि मग केस, साडीचा जरीकाठ आणि मोकळं आकाश बघा. मॉझजेपेगचं ७५ हे डिफॉल्ट बहुतेक फोटोंना चालतं. फार खाली उतरलात तर सर्वांत आधी आकाशात चौकोन दिसू लागतात.

वेबपीची खरी परीक्षा बॅनरवर होते. पिवळ्यावर लाल अक्षरांचा गणेशोत्सवाचा बॅनर घ्या. अनुस्वार आणि वेलांट्यांच्या कडा मळकट दिसतील, आणि क्वालिटी ९५ केली तरी त्या पुरत्या सुधारत नाहीत. साध्या, म्हणजे लॉसी (थोडी माहिती टाकून देणाऱ्या), वेबपीमध्ये रंगाची माहिती दर २×२ पिक्सेलांना मिळून एकदाच साठवली जाते, त्यामुळे क्वालिटी कितीही वाढवा, तो तपशील परत येत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधलं ‘शार्प आरजीबी’वालं रूपांतर लावून पाहा, बराच फरक पडतो. नाहीतर मॉझजेपेग निवडा, ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ बंद करा आणि खालचा आकडा १ ठेवा. फाइल थोडी वाढेल, अक्षरं स्वच्छ राहतील.

स्क्रीनशॉट किंवा मोजक्या रंगांच्या लोगोला ऑक्सीपीएनजी (पीएनजी फाइल दाबणारा पर्याय) बरं. ते स्वतः काहीच बिघडवत नाही, म्हणून एकट्याने फार वजनही उतरवत नाही. सोबत ‘रिड्यूस पॅलेट’ चालू करून रंग ६४पर्यंत आणले की आकडा झपाट्याने खाली येतो. हीच युक्ती जेपेग फोटोवर मात्र करू नका: डिदरिंगचे, म्हणजे कमी रंगांत जास्त छटा भासवणारे, ठिपके जेपेगला नीट दाबता येत नाहीत, मग फोटो खराब होतो तो होतोच आणि फाइलही फुगू शकते.

एव्हीआयएफ हा नवा फॉरमॅट बहुतेक वेळा सर्वांत लहान फाइल देतं, पण जुन्या लॅपटॉपवर पंखा घरघरायला लागेल इतका वेळ घेतं. शिवाय सफारीत ते १६व्या आवृत्तीपासून आणि एजमध्ये १२१व्या आवृत्तीपासूनच चालतं, तेव्हा जोडीला जेपेग ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो. तो आहे त्याच मापात पुन्हा दाबला तर काही वेळा फाइल मोठी झालेली दिसते. हा टूलचा दोष नाही. मूळ फोटो मागवून घ्या.

आता उणिवा. फोटोतली एक्सिफ माहिती, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या नोंदी, उडते. घराचं लोकेशन गेलं हे उत्तमच, पण फोटोग्राफरचं नाव आणि कॉपीराइटही जातं, आणि ते राखायची सोय नाही. हलणारी जिफ टाकली तर फक्त पहिली फ्रेम उरते. ‘५० केबीच्या आत आण’ असंही सांगता येत नाही. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो करणाऱ्यांना स्लायडर मागेपुढे करतच बसावं लागतं.

आणि एका वेळी एकच फोटो, ही सर्वांत मोठी अडचण. कमांड लाइनवरून गठ्ठ्याने काम करणारी आवृत्ती होती, ती गूगलने बंद केली. दुकानाच्या कॅटलॉगचे ३०० फोटो असतील तर त्यातले तीन-चार वेगवेगळ्या धाटणीचे निवडून इथे आकडा ठरवा आणि बाकीचे सीवेबपी किंवा शार्प या गठ्ठ्याने काम करू शकणाऱ्या प्रोग्रॅमांवर सोडा. वेबपीची लायब्ररी सगळीकडे तीच असल्यामुळे इथलं ७५ तिथेही ७५च असतं. फोटोशॉपमधल्या जेपेगच्या आकड्याशी मात्र मॉझजेपेगचा आकडा जुळवायला जाऊ नका, दोघांची मोजपट्टी वेगळी आहे.