कमाटीबागेत एकट्याने फिरण्यासाठी व्हॉइसव्हिस्टा: कुठे साथ देतं, कुठे नाही

अंध व्यक्तीला बडोद्याच्या सयाजीबागेत, म्हणजे आपल्या कमाटीबागेत, कुणाचा हात न धरता फिरायचं असेल तर आयफोनवरचं व्हॉइसव्हिस्टा हे ॲप नक्की वापरून पाहावं. ते फुकट आहे. मात्र डाउनलोड करून थेट काळ्या घोड्याच्या गेटमधून आत शिरलात तर वैतागाल. या ॲपला नकाशावर नोंदवलेलं तेवढंच कळतं, आणि पाण्याचा नळ, तिकीट खिडकी, बाकडी अशा गोष्टी नकाशावर क्वचितच असतात. ती भर आपल्यालाच घालावी लागते, आणि घातली की ॲपचा खरा उपयोग सुरू होतो.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अंधांसाठी साउंडस्केप हे असंच ॲप काढलं, २०२३ मध्ये बंद केलं, पण त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. व्हॉइसव्हिस्टा त्याच कोडवर उभं आहे, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेल्या, सगळ्यांना खुल्या नकाशाचा. नेहमीच्या नकाशा ॲपसारखं ते ‘आता डावीकडे वळा’ म्हणत नाही. तुम्ही ठिकाण निवडता आणि त्या दिशेने कानात ठोका ऐकू येऊ लागतो. तोंड बरोबर त्या बाजूला वळलं की ठोक्याचा सूर बदलतो. देवळाच्या घंटेच्या रोखाने चालावं तसं चालायचं. शंभराहून जास्त एकरांच्या बागेत, जिथे आतल्या वाटांना नावंच नाहीत, तिथे हीच पद्धत चालते. शिवाय ‘माझ्याभोवती’ आणि ‘माझ्या समोर’ अशा अर्थाची बटणं आहेत. ती दाबली की जवळपास काय काय आहे ते त्या त्या दिशेने ऐकू येतं.

तयारीला एक सकाळ द्या आणि त्या दिवशी डोळस सोबती घ्या. गेटच्या आत, वाटांच्या फाट्यांवर, संग्रहालयाच्या दारासमोर, तारांगणापाशी, प्राणिसंग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर, स्वच्छतागृहाबाहेर आणि जॉय ट्रेनच्या स्टेशनवर थांबून मार्कर, म्हणजे त्या जागेची आपण नाव दिलेली खूण, ॲपमध्ये साठवा. पोहोचल्या पोहोचल्या साठवू नका. अर्धा-एक मिनिट स्थिर उभं राहून जीपीएसला बसू द्या. मार्कर इमारतीवर न ठेवता तिच्या दाराच्या पुढ्यात, पायवाटेवर ठेवा. नकाशातला बिंदू इमारतीच्या मधोमध असला तर ठोका तुम्हाला भिंतीकडे नेतो. ॲपचा आवाज इंग्रजी ठेवला असेल तर मार्करची नावं रोमन अक्षरांत टाका, कारण देवनागरीत लिहिलेलं नाव इंग्रजी आवाज वाचेलच याचा भरवसा नाही. मग हे मार्कर क्रमाने ओवून मार्ग तयार करा. एका टप्प्यावर पोहोचलात की ठोका आपोआप पुढच्या टप्प्यावर जातो.

आता सगळ्यात जपण्याची गोष्ट. ठोका सरळ रेषेत दिशा दाखवतो, मध्ये काय आहे याची त्याला पर्वा नसते. बागेतून विश्वामित्री नदी वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत हे बडोद्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. पलीकडच्या काठावरचं ठिकाण अलीकडे उभं राहून निवडलं तर कानातला आवाज नदीच्या दिशेनेच बोलावणार. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे मार्कर हवेतच, आणि मार्गात ‘पूल अलीकडचा’, मग ‘पूल पलीकडचा’ हा क्रम कधी मोडू नये. पुलावर पाय ठेवला की ठोका बंद करून काठीने कठडा चाचपत चाला. उघड्या आकाशाखाली मोबाईलचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंतच अचूक असतो; गर्द झाडांखाली चूक आणखी वाढते. तुम्ही वाटेच्या कुठल्या कडेला आहात हे ॲप सांगूच शकत नाही. ते काम काठीचं.

काठीला न लागणाऱ्या अडथळ्यांसाठी, म्हणजे खाली झुकलेल्या फांद्या वगैरे, आयआयटी दिल्लीत घडलेली स्मार्टकेन चांगली जोड आहे. ती अल्ट्रासाउंडने ३ मीटरपर्यंतचा अडथळा ओळखून मुठीत थरथर देते.

दिशा उलटसुलट येऊ लागली तर आधी फोनचं कव्हर पाहा. चुंबकाची फ्लिप कव्हरं होकायंत्र बिघडवतात. लोखंडी गेट आणि रुळांजवळही तेच होतं. चार पावलं दूर जाऊन फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. उभे असताना फोन जमिनीला समांतर, वरचं टोक समोर असा धरावा लागतो. चालत असताना मात्र ॲप चालण्यावरून दिशा ओळखतं, त्यामुळे फोन खिशात चालतो. एका कानातला इअरफोन निरुपयोगी, कारण दिशा दोन्ही कानांतल्या फरकातून कळते. कान बंद करणारे हेडफोनही नकोत. कानशिलाच्या हाडावर बसणारे बोन कंडक्शन सगळ्यात बरे, बाहेरचे आवाज अडत नाहीत. तरीही रविवारी संध्याकाळच्या गर्दीत, पोरांच्या गलक्यात, ठोका हरवतोच. शिकण्यासाठी कामाच्या दिवसाची सकाळ निवडा. पॉवरबँक न्या, सतत जीपीएस चालू असल्याने बॅटरी भराभर उतरते.

संग्रहालयाच्या दारात हे ॲप संपतं. जुन्या जाड भिंतींच्या आत जीपीएसचा भरवसा नाही. आत पाट्या वाचायला बी माय आईज या ॲपवरून स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लावता येतो, तोही फुकट. पण कॅमेऱ्यातून त्याला अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून पायऱ्या किंवा पाण्याच्या काठाशी त्याच्या शब्दावर पाऊल टाकू नका. बागेत कुणाला वाट विचारलीत तर बहुतेकदा हात दाखवून गुजरातीत ‘आ बाजु’ (या बाजूला) एवढंच उत्तर येतं. ‘डाबी के जमणी?’ (डावीकडे की उजवीकडे?) असा थेट प्रश्न केलात की कामाचं उत्तर मिळतं.

थीम पार्कसाठीही मार्करची हीच रीत, पण तिथे दोन अडचणी जास्त. राइडजवळचे लाउडस्पीकर ठोका गिळतात, आणि रांगेच्या वळणावळणाच्या कठड्यांत ५ मीटरच्या चुकीमुळे ॲप पार गोंधळतं. मार्कर रांगेच्या तोंडाशी ठेवा, आत शिरलात की ॲप थांबवा. फोन आणि काठी राइडवर नेऊ देत नसतील तर ती कुठे ठेवली आणि परत कुणाकडून घ्यायची हे बसण्याआधी विचारून घ्या. बऱ्याच राइडचा बाहेर पडायचा रस्ता वेगळा असतो. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांत अंध पाहुण्यांना जागेनुसार वर्णन सांगणारं हातात मावेल असं यंत्र मिळतं. आपल्याकडच्या पार्कांनी तेवढं नाही तरी प्रत्येक राइडच्या प्रवेशाची जागा ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवावी. खर्च काहीच नाही, कुणीही नोंदवू शकतं.

ॲन्ड्रॉइडवाल्यांसाठी व्हॉइसव्हिस्टा नाही. त्यांनी लाझारिल्यो पाहावं; जवळची ठिकाणं तेही बोलून सांगतं. आयफोनवाल्यांनी साठवलेले मार्ग मात्र दुसऱ्यांना पाठवता येतात. तेव्हा ज्यांनी कमाटीबागेचा मार्ग नीट बांधला असेल त्यांनी तो जरूर वाटावा, आणि ज्यांना मिळेल त्यांनी पहिल्या खेपेला पुलाचे दोन्ही मार्कर सोबत्याकडून तपासून घ्यावेत.