माजलेल्या रानासाठी दणकट गवत कापणी यंत्र: दोन हंगामांच्या वापरानंतर

हिरवळ कापायचे साधे यंत्र घेऊन कमरेएवढ्या गवतात शिरलेल्या माणसाला ते यंत्र दहा पावलांत कसे गुदमरते, हे वेगळे सांगावे लागत नाही. दोष यंत्राचा नसतो. त्याचे आवरण जमिनीलगत उतरलेले असते, त्यामुळे उंच गवत पात्यापर्यंत उभे पोहोचतच नाही. आवरणाच्या पुढच्या कडेखाली ते आडवे होते, पाते त्यावरून नुसते फिरते आणि जे थोडेफार कापले जाते ते आत लगदा होऊन बसते. माजलेल्या रानासाठी म्हणूनच वेगळे यंत्र लागते आणि ते निवडताना बहुतेक जण आधी अश्वशक्तीचा आकडा पाहतात. मीही तेच केले होते. दोन हंगामांत वेगवेगळी यंत्रे भाड्याने वापरून आणि शेवटी एक विकत घेऊन माझे मत असे झाले आहे की, पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नाहीच. गवतात दडलेल्या दगडावर पाते आपटल्यावर पुढे काय होते, हा आहे.

हा प्रश्न मला फुकट सुचलेला नाही. पहिल्यांदा भाड्याने आणलेल्या यंत्राला एकच सरळ पाते होते आणि ते थेट इंजिनाच्या दंडावर बोल्टने आवळलेले होते. पाऊण तास काम झकास झाले. मग गवतात लपलेल्या एका खुंटावर ते आदळले, खण्ण असा आवाज झाला आणि इंजिन जागीच थांबले. ते पुन्हा सुरू झाले खरे, पण मुठी अशा थरथरू लागल्या की मिनिटभरात बोटांना मुंग्या आल्या. दंड वाकला होता. भरपाई माझ्याच खिशातून गेली, कारण जमीन आधी तपासून घेण्याची अट पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली होती. जमीन दिसत नव्हती म्हणूनच तर यंत्र आणले होते, हे म्हणणे अर्थातच कोणी ऐकून घेतले नाही.

चांगल्या बनावटीच्या यंत्रात पाती एका जाड तबकडीच्या कडेला सैल टांगलेली असतात. फिरण्याच्या जोराने ती ताठ राहतात आणि दगड लागताच मागे दुमडतात. तबकडीचा तळ बशीसारखा गोलाकार असेल, तर ती खुंटावरून घसरून पुढे जाते. इंजिन आणि पाते यांच्यामध्ये पट्टा असला, तर उरलेला धक्का पट्टा घसरून जिरवतो. ट्रॅक्टरला मागे जोडायच्या मोठ्या यंत्रांत हेच काम मुद्दाम कमजोर ठेवलेला शिअर बोल्ट किंवा घसरता क्लच करतो. हा बोल्ट वारंवार तुटतो म्हणून वैतागून त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. बोल्ट मग तुटत नाही, गिअरबॉक्स फुटतो.

अखेर मी घेतले ते फ्लेल मोवर प्रकारातले, मागे चालत हाकायचे, 13 अश्वशक्तीचे आणि 80 सेंटिमीटर रुंदीचे यंत्र. यात जमिनीला समांतर असा आडवा दंड मिनिटाला 2000 हून अधिक फेरे घेतो आणि त्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखी छोटी पाती ओळीने लोंबत असतात. दगड लागला तर फक्त तिथले पाते मागे झुकते, बाकीची आपले काम करत राहतात. कापलेले गवत आवरणाच्या आत पुन्हा पुन्हा पात्यांखाली येते, त्यामुळे मागे पेंढ्यांच्या ओळी न पडता बारीक चुरा समान पसरतो आणि उडालेले खडे बहुतांशी आवरणातच अडतात. पंख्यासारख्या आडव्या फिरत्या पात्याचे यंत्र हेच खडे कितीतरी लांब भिरकावते. वस्तीजवळ किंवा रस्त्याकडेला काम करायचे असेल, तर या एका कारणासाठी मी फ्लेलच निवडेन. अंगठ्याएवढ्या जाडीची झुडपे ते सहज खाते. त्याहून जाड खोडांसाठी हातोड्याच्या आकाराची जड पाती मिळतात, मात्र त्यांनी गवत कापले न जाता ठेचले जाते.

आता तक्रारी. फ्लेलला तेवढ्याच रुंदीच्या फिरत्या पात्यापेक्षा जास्त ताकद लागते, म्हणजे अश्वशक्ती दुय्यम असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. दाट गवतात मला ताशी अडीच किलोमीटरपेक्षा वेगाने जाता येत नाही. आधी कापलेल्या पट्टीवर पुढची पट्टी थोडी चढवत गेल्यास तासाला सुमारे 1750 चौरस मीटर, म्हणजे वळणे आणि विश्रांती धरून एका एकराला जवळपास तीन तास लागतात. पाती बदलणे हे तर कंटाळवाणेच काम आहे. एक पाते तुटले तर समोरच्या बाजूचेही बदलावे लागते, नाहीतर दंडाचा तोल जातो आणि बेअरिंगची वाट लागते. यंत्र वजनदार आहे, त्यामुळे मागे जाण्याचा गिअर नसता तर एखाद्या खड्ड्यात अडकल्यावर मी ते तिथेच सोडून घरी आलो असतो. चाकांना स्वतंत्र क्लच असणे आणि मूठ सोडताच पाती थांबणे, या दोन गोष्टी नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

उतारावर यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या कोनाची मर्यादा पाळावी, कारण प्रश्न केवळ उलटण्याचा नसतो. अनेक लहान इंजिनांत तेल केवळ आतल्या आत उडवून सगळीकडे पोहोचवले जाते आणि इंजिन फार कलले तर ते पोहोचत नाही.

कडेकपारी, झाडांचे बुंधे आणि तारेचे कुंपण यांसाठी खांद्यावरचा ब्रश कटर वेगळा लागतोच. त्याला तीन दातांचे धातूचे पाते लावल्यास पात्याच्या पुढच्या उजव्या भागाने खोड कापू नये. तिथे झटका बसून दांडा अंगावर येतो. आणि गवत चाऱ्यासाठी हवे असेल, तर वरील काहीही न घेता कात्रीसारख्या दात्यांचे यंत्र घ्यावे, कारण ते काडी अख्खी ठेवते आणि कमी ताकदीत चालते, जरी जुन्या गुंतलेल्या गवतात ते सारखे अडते.

माझ्या यंत्राने मी पहिला हात 12 सेंटिमीटर उंचीवर मारतो आणि दडलेले दगड, वारुळे दिसू लागल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने खाली उतरवून मारतो. एवढी काळजी घेऊनही मागच्या हंगामात कुंपणाची एक गंजकी तार दंडाला गुंडाळली गेली. इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, पक्कडीने ती तुकड्यातुकड्याने सोडवायला दीड तास गेला, आणि तार शेवटी बेअरिंगच्या सीलमध्ये इतकी रुतली होती की सील बदलावेच लागले. दंडाच्या टोकांना तार अडवणारी कडी असलेले यंत्र बाजारात आहे. ते मी तेव्हा पाहिले होते आणि उगीच वजन वाढते म्हणून नाकारले होते.